बांधावरची किटली

इंग्लंडात डेव्हनला आल्यावर कांताबाई पहिलं इंग्रजी शिकल्या ते 'गेट लावा' एवढंच. शिकवलं डेरेकनं, शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं. प्रणयनं, म्हणजे कांताबाईंच्या मुलानं, ट्रॅक्टर आत घातला आणि शहरी माणसासारखा मागं न बघता पुढं निघून गेला. थोड्याच वेळात डेरेकच्या मेंढ्या यांच्या कोबीत चरत होत्या. डेरेक रागावला नाही. मेंढ्या हाकून नेल्या, गेटची कडी घातली, तिच्यावर टिचकी मारली आणि कांताबाईंकडे बघून म्हणाला, "शट द गेट, माय लव्हर." साठी ओलांडलेल्या विधवा बाईला असं म्हणतात होय! कांताबाईंनी पदर सावरला आणि घर गाठलं. "आई, इकडे पोस्टमनपण तसंच म्हणतो, मनावर नका घेऊ," असं सुनेनं, कल्याणीनं, हसत हसत समजावलं, तेव्हा कुठं त्या पुन्हा बाहेर आल्या.

या घराण्याचं पाऊल पडलं की मावळतीकडेच पडायचं. उमरेडजवळचं खेडं सोडून सासरे नागपूरला आले. प्रणय कॉम्प्युटर शिकून नागपूरहून लंडनच्या हॅरोला आला, हॅरोहून ब्रॅकनेलच्या ऑफिसात गेला, आणि चांगलं चाललेलं असताना हॅरोचं घर विकून थेट डेव्हनला शेत घेऊन बसला. मित्रांनी टिंगल केली. एवढा आयटीतला माणूस आणि शेण काढायला चालला! हसणाऱ्यांचं काय जातं? पिढ्यान्‌पिढ्या गावात जमीन दुसऱ्याची आणि घाम यांचा. जनावर यांच्या दारी यायचं ते मेल्यावर, ओढून टाकायला. सासऱ्यांनी बाबासाहेबांचं ऐकलं, मेलेली जनावरं ओढायचे दोर एक दिवस चुलीत घातले आणि गाव सोडलं. कांताबाईंचे यजमान दादासाहेब रेल्वेत लागले, चांगली नोकरी केली, पण मरेपर्यंत एकच घोकत राहिले. आपल्या नावाची जमीन, आणि आपल्या दावणीला जिवंत गाय.

ती जमीन मिळाली ती अशी जगाच्या टोकाला. टेकडीवरून पाहिलं की पुढं नुसता समुद्र. "आता याच्या पुढं कुठं पळता येत नाही बापा," कांताबाई म्हणायच्या, आणि त्यात त्यांना समाधानच वाटायचं.

पहिला हिवाळा त्यांनी चिखलात काढला. काहीच जमत नव्हतं. गवत कुजलं, कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या, कल्याणी आठवड्यातून एकदा तरी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. टिकले ते डेरेकमुळं. कुंपण कसं ओढायचं, कोणत्या बाजारात कोणता दलाल टोपी घालतो, गाय अडली की हात कसा घालायचा, सगळं त्यानं दाखवलं. बदल्यात कांताबाई दोन्ही शेतांच्या मधल्या दगडी बांधावर किटली ठेवायच्या. झाकणावर दादासाहेबांचं नाव कोरलेली ती स्टीलची किटली नागपूरहून आलेली. कधी तिच्यात वरण, कधी खीर. पहिल्यांदा डेरेकनं ती घासूनपुसून रिकामीच परत ठेवली. कांताबाईंनी सुनेकरवी निरोप धाडला की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. डेरेकनं मान डोलावली, आणि तेव्हापासून किटलीतून कधी अंडी यायची, कधी सफरचंदं. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात. इथं बांधावरून खीर जात होती.

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत रोगाची बातमी आली. टीव्हीवर जनावरांचे ढीग जळताना दिसायचे, पाय आभाळाकडे करून. डेरेकनं गेटापाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा अंथरला. कोणी कोणाकडे जाईना. कल्याणीनं रोगाची लक्षणं वाचून दाखवली तेव्हा कांताबाईंना हसूच आलं.

"ही तर खुरकूत! लाळ गळते, खुरं पिकतात. मिठाच्या पाण्यानं तोंड धुवावं, हळद-लोणी लावावं, पंधरा दिवसांत उठून चरते गाय. याच्यासाठी मारतेत काहून?"

"आई, इथं पॉलिसी आहे. एकाला झालं तरी सगळा हर्ड कल करतात, मारूनच टाकतात, शेजारचापण," प्रणय म्हणाला.

"पॉलिसीले गाय कळते का?"

मार्चमध्ये तांबडी व्याली. ही यांची पहिली गाय, डेव्हनच्याच लाल जातीची, कांताबाईंच्या हातची. दूध काढताना त्या तिच्याशी अस्सल नागपुरीत बोलायच्या आणि तिला ते कळायचं असा त्यांचा पक्का विश्वास होता. कालवड झाली. पिवळाधमक, दाट चीक निघाला. पहिला चीक एकट्या घरानं खायचा नसतो, शेजारी दिला तर गाय भरभरून देते. घरच्यासाठी खरवस लावला आणि डेरेकला काय द्यावं असा विचार चालला होता, तेवढ्यात कल्याणी म्हणाली, की डेरेकची दोन-तीन कोकरं आईविना पडलीत, त्यांना असा कच्चा चीक अमृतासारखा. फोन केला. डेरेक म्हणाला, गेटातून येऊ नका, बांधावर ठेवा. साऱ्या मुलखाची गेटं बंद होती. किटली मात्र बांधावरून गेली. तो मंगळवार होता.

संध्याकाळी कांताबाई गोठ्यात गेल्या तर तांबडी ओठ चाटल्यासारखा आवाज करत उभी. खालच्या ओठावरून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. त्यांनी तिचं तोंड उघडलं. जिभेवर फोड.

आत जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. पण सांगितलं की फोन होणार, आणि फोन झाला की बंदूक येणार. ही गाय पंधरा दिवसांत बरी होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, एकदा नाही, दहा गोठ्यांत. त्यांनी मीठ-पाणी आणलं, हळद-लोणी आणलं, तांबडीची जीभ हातात धरून लेप लावला. "गप बस माय, कोणाले सांगू नको. मीबी नाही सांगत." कालवडीला वेगळं बांधलं. गोठ्याचं काम दोन दिवस मीच करते, असं सुनेला सांगितलं. सुनेला तेवढाच आराम, ती कशाला नाही म्हणते?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या दारातून त्यांना बांधापलीकडे डेरेक दिसला. मांडीवर कोकरू, हातात बाटली. बाटलीतलं पिवळं इतक्या लांबूनही दिसत होतं. चीक फ्रिजमध्ये ठेवून तो थोडा थोडा पुरवत होता. कांताबाईंच्या तोंडापर्यंत हाक आली. डेरेक, नको पाजू! एवढी हाक मारायला इंग्रजी लागत नव्हतं. हात हलवला असता तरी पुरलं असतं. त्याचंच लक्ष गेलं, त्यानं हात हलवला. कांताबाईंनीही हलवला, नेहमीसारखा, आणि आत वळल्या.

गुरुवारी कल्याणी कालवड बघायला म्हणून गोठ्यात आली आणि दारातच थांबली. आणखी दोन गायी लाळ गाळत होत्या.

"कधीपासून, आई?"

"मंगळवारच्या सांजेपासून."

कल्याणी किंचाळली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. "आणि डेरेकला दिलेला चीक?" कांताबाई दारातून बांधाकडे बघायला लागल्या. मग कल्याणी उठली, डोळे पुसले आणि आत जाऊन फोन केला. प्रणयच्या कानावर सगळं घातलं, आणि सरकारी डॉक्टर येण्याआधी तिनं सासूचा हात धरून सांगितलं, "किटलीचं कोणाला बोलायचं नाही. मी पाया पडते तुमच्या. आपण इथं एकटे आहोत. लोकांना कळलं तर कोणी उभं करणार नाही आपल्याला."

बंदूकवाले दुसऱ्या दिवशी आले. माणसं चांगली होती, बिचारी बोलतही नव्हती. कांताबाईंनी तांबडीला स्वतः बाहेर आणलं, कारण ती दुसऱ्या कोणाच्या हाताला येईना. तिचं तोंड बरं होत चाललं होतं. सकाळीच तिनं मूठभर गवत खाल्लं होतं. हे त्या डॉक्टरला मराठीत सांगत राहिल्या, आणि डॉक्टर मान हलवत राहिला. शेवटी कालवड राहिली. तिला सुई दिली.

दुपारी बांधापलीकडून आवाज यायला लागले. डेरेकची कोकरं रात्रीत पटापट गेली होती, आणि उरलेल्या कळपाचं आता चाललं होतं. मेंढ्या पुष्कळ होत्या, त्यामुळं आवाज अंधार पडेपर्यंत थांबले नाहीत. कांताबाई कानात बोटं घालून स्वयंपाकघरात बसून राहिल्या. भिंतीवरच्या दादासाहेबांच्या फोटोकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

मेलेली जनावरं न्यायला गाडी आली नाही. सगळीकडे हीच बोंब होती, गाड्या कमी आणि ढीग जास्त. तांबडी अंगणात तशीच पडून फुगत गेली. वास घरात शिरला, जेवणात शिरला. ज्या कामाचा दोर सासऱ्यांनी चुलीत घातला, ते सात समुद्र ओलांडून दारात येऊन पडलं होतं, आणि या खेपेला कुणी लादलेलं नव्हतं. कांताबाईंना हे सहन होईना. रडूही येईना.

गाडी येऊन गेल्यावर, अंगण धुऊन झाल्यावर, एका सकाळी बांधावर किटली दिसली. तिच्या पलीकडे डेरेक उभा होता, दाढी वाढलेली, टोपी हातात. कांताबाई प्रणयला घेऊन गेल्या. किटली घासून लखलखीत केलेली होती, आणि तिच्यात कुंपणाकडेची पिवळी रानफुलं होती. घरात दुसरं काही उरलं नव्हतं, पण भांडं रिकामं द्यायचं नाही हे त्याच्या लक्षात होतं.

डेरेक बराच वेळ बोलत राहिला. त्याचा आवाज मधेच चिरकायचा. प्रणय ऐकत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता.

"काय म्हणते तो?"

"सॉरी म्हणतोय." प्रणय एकेक वाक्य मराठीत सांगायला लागला. "म्हणतोय, जानेवारीत बाजारातून मेंढ्या आणल्या होत्या, त्यांच्यातूनच आलं असणार. माझ्यामुळं तुमची गाय गेली, म्हणतोय. तुम्ही पहिल्यांदाच शेत केलं आणि मी तुमच्या दारात हे आणलं. त्याला झोप लागत नाहीये, आई."

कांताबाईंनी बांधाचा दगड धरला. "नाही म्हण. सांग त्याले, आमच्याच गायीचं. मी पाहिलं, अन् गप बसली."

"आई, प्लीज. त्याला वाटतंय ते वाटू दे. हे गेलं तर आपल्याला जागा नाही कुठं. हॅरोचं घरपण नाही आता. आपल्याला इथंच राहायचंय ना?"

"शेजाऱ्याच्या डोक्यावर आपलं पाप ठेवून राहाचं?"

प्रणय डेरेककडे वळला आणि काहीतरी म्हणाला. कांताबाईंना त्यातलं 'थँक यू' तेवढं कळलं, आणि तेवढ्यावरून सगळं कळलं. त्यांना पोराची कीवही आली आणि संतापही आला.

"नो थँक यू," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांनी फुलं काढून बांधावर ठेवली. किटली उचलून डेरेकच्या समोर धरली, मग आपल्या रिकाम्या गोठ्याकडे बोट केलं. हनुवटीवरून बोटं खाली ओढत लाळ दाखवली. मग ते बोट आपल्या छातीवर टेकवलं. "माय काऊ. फर्स्ट. आय सी." त्यांनी पुढचे शब्द शोधून काढले. "आय नो टेल. यू, बाटली, बेबी... आय सी. आय नो टेल."

डेरेकनं किटलीकडे पाहिलं. मग प्रणयला एकच प्रश्न विचारला. प्रणयनं मान खाली घालून उत्तर दिलं, "ट्यूजडे."

डेरेकनं नुसतं हं केलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. कांताबाईंनी हात जोडले, ते त्यानं पाहिले की नाही कोण जाणे. टोपी डोक्यावर घातली आणि तो त्याच्या रिकाम्या रानातून वर चालायला लागला.

वरच्या गेटातून पलीकडे गेल्यावर सवयीनं त्याचा हात मागं कडीकडे गेला. मग तो थांबला. वळून सगळ्या रानावर एकदा नजर फिरवली. आत ठेवण्यासारखं काही नव्हतं. त्यानं हात काढून घेतला आणि गेट तसंच उघडं टाकून निघाला.

"डेरेक!" कांताबाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "गेट! डेरेक, शट द गेट!"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.