ठमीचा ताप

विहीणबाईंचं नाव निघालं की ठमीच्या आजीच्या पोटात दुखायचं.

ठमीचे कॅन्सरचे उपचार सुरू झाले आणि वॉर्डात सोबतीला एकच माणूस ठेवायचा नियम आला. सुनेनं निवडलं ते स्वतःच्या आईला. का, तर विहीणबाई अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुतात आणि आजी कां कूं करते. तान्ही होती तेव्हापासून ठमीला न्हाऊमाखू घातलं कुणी, हे कुणी विचारलंच नाही.

म्हणून केमोच्या दोन डोसांमधल्या घरच्या दिवसांत आजी ठमीला कुणाला हात लावू देत नसे. फळं स्वतः धुऊन सोलायची, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायची. पहिली बंदी विहीणबाईंना. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला, एवढ्यावरून.

त्या दुपारी ठमी मांडीवर पडली आणि आजीच्या हाताला कपाळ कढत लागलं. थर्मामीटर लावला. ताप होता.

पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर तडक हॉस्पिटल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी तापाचं औषध दिलं तर ताप झाकला जातो आणि आत संसर्ग वाढत राहतो.

पण तडक हॉस्पिटल म्हणजे तडक विहीणबाई.

आजीनं कपाटातून सिरपची बाटली काढली. एक चमचा. संध्याकाळपर्यंत उतरेलही.

"ती आजी नाही देत हे," ठमी म्हणाली. "ती म्हणते, आधी डॉक्टरांना सांगायचं."

"तिला सगळंच कळतं."

"तुला नाही कळत?"

आजीला झोंबलं. तेवढ्यात ठमीला हुडहुडी भरली, दात वाजू लागले. आजीनं बाटली न उघडताच ठेवून हॉस्पिटलला फोन लावला.

संध्याकाळी सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू होतं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही होतात म्हणून बरं," विहीणबाई दारात म्हणाल्या. "मी असते तर हातपाय गाळून बसले असते."

"बसला असतात खऱ्या," आजी म्हणाली. विहीणबाई हसल्या आणि आत गेल्या.

ताप उतरला त्या दिवशी आजी काचेबाहेर उभी राहिली. ठमी डोक्यावर दोन बोटं धरून विहीणबाईंना काहीतरी सांगत होती. आजीला चटकन कळलं. शिंगं हरवलेल्या राक्षसाची गोष्ट, तिनं स्वतः ठमीसाठी रचलेली.

म्हणजे आता गोष्टही गेली तिकडे.