नवऱ्याने पेरलेले ठिपके

नेपच्यूनच्याही पलीकडे एखादा मोठा ग्रह असावा, असा आमच्या वेधशाळेतल्या लोकांचा संशय. तो शोधायचं काम माझं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे तीन रात्रींचे फोटो पडद्यावर आलटूनपालटून बघायचे. तारे जागचे हलत नाहीत; जो ठिपका केसभर सरकेल तो आपला. आठ वर्षं हेच चाललंय. सासूबाई म्हणतात, "एवढ्या वर्षांत लोकांनी घर बांधून, भाड्यानेसुद्धा दिलं असतं."

आमच्या डोळ्यांची परीक्षा म्हणून फोटोंत काही खोटे ठिपकेही पेरलेले असतात. पेरणारा कोण? माझाच नवरा! खोटे कुठले, ते फक्त त्याच्या यादीत. यादी शुक्रवारी उघडायची. तोवर एखाद्या ठिपक्याबद्दल त्यानं नुसतं हूं की चूं केलं तरी तो ठिपका बाद.

सोमवारी मला एक ठिपका सापडला. फिकट, पण तिन्ही रात्री शिस्तीत सरकलेला. खात्री करायला मोठ्या दुर्बिणीची गुरुवारची वेळ मागितली. गुरुवार हा शेवटचाच दिवस; पुढे पाच महिने आकाशाचा तो भाग सूर्याच्या उजेडात बुडणार होता.

घरी नवऱ्याचा चेहरा वाचत बसले. ढिम्म! मंगळवारी मात्र त्यानं न सांगता भांडी घासली. बुधवारी माझ्या बॅगेचा तुटका पट्टा शिवून आणला, वर आठ महिने गळणारा नळ दुरुस्त करायला घेतला. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. हा बाबा उगाच इतका गोड वागणाऱ्यातला नाही. माझी कीव करतोय मेला!

"खरं सांग, तुझाच ना तो?"

"शुक्रवारी," एवढंच म्हणून तो बेसिनखाली शिरला.

"नको सांगूस. कळलं मला."

जेवण गेलं नाही. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यानं खोट्या ठिपक्यापायी मोठ्या दुर्बिणीची वेळ वाया घालवली, तर अजून सगळे त्याला 'या ग्रहराज' म्हणतात. माझी अशी शोभा मला नको होती. गुरुवारी सकाळी ऑफिसात, नवऱ्याच्या समोरच्या टेबलाशी बसून, मी वेळ रद्द केली. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "केली बाई रद्द. हस आता."

तो हसला नाही. उठून खिडकीशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून चुळबुळ चाललीय.

शुक्रवारी आमच्या प्रमुख बाईंनी यादी उघडली. छत्तीस ठिपके. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. माझा त्यात नव्हता.

"अरे, मग ती भांडी? तो नळ?" मी ओरडलेच.

"हात रिकामे राहिले असते तर तोंड उघडलं असतं माझं." तो म्हणाला. "चार दिवस कसे काढलेत, माझं मला ठाऊक."

"मग काल अडवायचंस!"

"अडवलं असतं तर ठिपका बाद झाला असता. वाटलं, शेवटच्या क्षणी तूच थांबशील."

बाईंनी तिथल्या तिथे दुर्बिणीवर फोन लावला. तो भाग आता दिसत नाही, असं उत्तर आलं. ग्रह होता की कॅमेऱ्याचा डाग, ते पाच महिने कळणार नव्हतं. मला रडू फुटलं. नवरा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला.

"आता तरी बोल ना काहीतरी," मी म्हणाले.

आता तो बोलायला मोकळा होता. पण तो उठला आणि टेबलावरचे चहाचे कप विसळायला घेऊन गेला.