घाटातलं झुकतं माप

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. मनगटावर मिरवणारं घड्याळ नव्हे हं, मुठीत धरायचं, गळ्यात अडकवायचं. माझा निळा रंग उडालाय, दोरीला गाठी पडल्यात. पण मित्रांनो, मी आजवर एका सेकंदाची लबाडी केलेली नाही. लबाडी करायला अंगठा लागतो, आणि तो मला नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट अचलपूरच्या एका शाळेत, ओमप्रकाश सरांच्या गळ्यात. सर भलते कडक. धावणाऱ्याचा पाय रेघेवर पडल्याशिवाय ते मला थांबवायचे नाहीत. एखादं पोर रडकुंडीला आलं की म्हणायचे, "घड्याळाले दया येत नाही बापू, मंग मले कोठून येईन?" बक्षीस समारंभाला मला रुमालानं पुसून न्यायचे. वीस वर्षं मी त्यांच्या छातीवर ऐटीत लोंबलो. ते माझे सुखाचे दिवस.

निवृत्त झाल्यावर सरांनी मला देवीदासच्या हाती दिलं. देवीदास आणि त्याची बायको पार्बताबाई परतवाड्याच्या बाजारात भाजी विकतात. त्याचं माप नेहमी झुकतं. वांगी तोलून झाली की वरून दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या. "कोरं माप देनं बरं दिसत नाही," हा त्याचा बाणा. गिऱ्हाइकं खूश. अशा माणसाच्या हातात घड्याळ देऊ नये, हे सरांना तरी काय ठाऊक!

त्याची लेक प्रणाली सरांच्या तालमीत तयार होत घाटात पळायची. चिखलदऱ्याच्या रस्त्यानं दहा किलोमीटर, सगळा चढ. देवीदास पायथ्याशी माझं बटण दाबून तिला सोडायचा आणि मोटारसायकलनं वर जाऊन दहा किलोमीटर संपतात तिथल्या पांढऱ्या दगडापाशी थांबायचा. घरातला एकुलता मोबाइल बाजारात पार्बताबाईकडे, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर. पहिल्या दिवशी चौसष्ट मिनिटं दहा सेकंद आले. अगदी खरे. प्रणालीचं तोंड एवढंसं झालं. दिवाळीआधीच्या घाट शर्यतीत जी मुलगी साठ मिनिटांच्या आत येईल, तिला अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत राहायला आणि शिकायला जागा मिळणार होती. आणि पुढच्या वर्षी प्रणालीचं वय बसत नव्हतं.

ते उतरलेलं तोंड बापाला बघवेना. पुढच्या आठवड्यात ती दगडापासून दहा पावलांवर असतानाच त्यानं मला थांबवलं. "आलीच ना पोरगी, दहा पावलांनं काय होते!" मग वीस पावलं. मग ती वळणावर दिसली की खटका. श्रावणात तर एके दिवशी तो कठड्यावर चढला आणि खालच्या रस्त्यावर तिचा लाल शर्ट दिसताच त्यानं बटण दाबलं. तिच्या पावलांचा आवाजही अजून येत नव्हता. माझ्या तोंडावर एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंद गोठून राहिले.

"बाबा! एकोणसाठ चाळीस!" प्रणाली रस्त्यातच बसली आणि हमसून हमसून रडली. देवीदासही रडला. बिचाऱ्याला वाटलं, आपण पोरीला काहीतरी दिलं.

संध्याकाळी सर घरी आले. मला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "देवीदासभाऊ, आकडा पक्का आहे ना? याच्यावरच मी पोरीची चाल बांधून राहिलो."

प्रणाली समोर होती. किती दिवसांनी हसत होती. देवीदास म्हणाला, "पक्का आहे जी, सर."

अरेरे, तेव्हाच बोलला असता तर! अडीच महिने हातात होते. सरांनी तिच्याकडून घासून घासून ती कसर काढून घेतली असती. पण सर म्हणाले, "आता जास्त जोर लावू नको बाई, हाये तेच सांभाळ." प्रणालीनं ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी दर किलोमीटरला वेळ पुकारत होते, आणि ती सरांनी बांधून दिलेली एकोणसाठ चाळीसची चाल धरून सुटली. ती चाल तिच्या पायांची नव्हतीच. आठव्या किलोमीटरला पोटरीत पेटका आला, तरी ती थांबली नाही. पुढच्या चढावर टाचेमागची शीर तुटली. शेजारून धावणाऱ्या करिश्माला तो आवाज ऐकू आला म्हणे. वर देवीदास मला मुठीत आवळून उभा होता. साठ झाले, सत्तर झाले, नव्वद झाले. मी चालतच होतो. शेवटी रुग्णवाहिका आली.

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून प्रणाली स्वतःलाच बोल लावायची. "तवा जमलं ना मले, मंग आता काहून नाही जमलं? माह्यीच हिंमत कमी पडली." आठ दिवस देवीदासनं हे ऐकलं. नवव्या दिवशी तो खाटेपाशी खाली बसला.

"तुही हिंमत नाही कमी पडली, बाई. मी बटन आंधीच दाबत होतो."

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग माह्यं खरं किती होतं?"

देवीदासनं खुंटीवरून मला काढलं आणि माझ्याकडे बघू लागला. मी काय सांगणार, मित्रांनो? त्या श्रावणात ती जीव तोडून पळाली, आयुष्यात सगळ्यात वेगानं पळाली, आणि ते कुणी मोजलंच नाही. डॉक्टर म्हणतात, चालता येईल, पण चढावर पुन्हा पळू नये.

मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. मी मेलो तरी चालेल. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला खरा आकडा सांगा. तो रडला तर रडू द्या. त्या रडण्यानंतर पळायला दिवस उरतात. प्रणालीला ते उरले नाहीत.