नाडीनाथांची दृष्टी आणि खणातले रिपोर्ट

गुरुवार होता, म्हणजे खाजणवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मसुऱ्याकडून रिक्षा भरभरून येत होत्या, कणकवलीच्या दोन गाड्या माडांखाली उभ्या होत्या आणि मांडवात नाडीनाथ महाराज डोळ्यांवर भगवी पट्टी बांधून बसले होते. माणसाला हात न लावता, त्याच्याकडे न बघता हा पुरुष त्याचं रक्त वाचतो, अशी ख्याती. आठ महिन्यांत ती वैभववाडीपर्यंत पोचली होती.

शिष्याने चिठ्ठी उचलून माईकवर नाव पुकारलं. "वर्षाली ओमकार परब!"

तीन महिन्यांचं मूल खांद्यावर घेतलेली एक पोरसवदा बाई उभी राहिली. महाराजांनी हवेत बोटं फिरवली. "बाळ, रक्त ही विश्वाची नदी आहे. तिचा उगम मी पाहतो, तिचं मुख मी पाहतो. तुझी नदी दुथडी भरून वाहते आहे. तेरा... तेरा पूर्णांक एक! अंगारा लाव आणि निश्चिंत जा."

मांडवातून एक लांब सुस्कारा उमटला. लगेच दुसरी चिठ्ठी. "चंद्रावती तारी!"

"आई, तुझी नदी मात्र आटली. सहा... सहा पूर्णांक दोन! पुढच्या गुरुवारी पुन्हा रक्त तपासून ये."

"पॉइंटासकट सांगतत गो!" मागच्या बाईने दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "डॉक्टराक मशीन लागता, हेंका काय्येक लागणा नाय!"

चंद्रावती तारी त्रेसष्ट वर्षांची. मासे विकून तिने चार मुलांना वाढवलेलं. ती खाली बसताना पुटपुटली, "सहाच रक्त आसा, तर सकाळची पाटी माझ्या डोक्यार कोण चढवता?" कोणी लक्ष दिलं नाही.

आपल्या आईच्या शेजारी बसलेल्या रसिकाने मात्र ते ऐकलं, आणि तिला धक्का बसला. हे दोन्ही आकडे तिच्या ओळखीचे होते.

रसिका बाजारातल्या दीपेशच्या लॅबमध्ये काम करायची. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. सोमवारी संध्याकाळी तिच्याकडून एक चूक झाली होती. दोन नळ्यांची नावं टाईप करताना अदलाबदल झाली. वर्षालीचं सहा पूर्णांक दोन चंद्रावतीच्या नावावर गेलं आणि चंद्रावतीचं तेरा पूर्णांक एक वर्षालीच्या. मंगळवारी सकाळी मशीनमधून निघालेल्या छापील पट्टीशी ताडून बघताना ते तिच्या ध्यानात आलं. तिने दुरुस्ती केली, नवे कागद छापले. पण चुकीचे रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच एका ठिकाणी गेलेले होते. लॅबमधून रोज सगळे रिपोर्ट मोबाईलवरच्या एका ग्रुपवर जात. 'डॉक्टरांचा ग्रुप' आहे, असं दीपेशने सांगितलं होतं. आपली चूक दीपेशला कळू नये म्हणून रसिकाने दुरुस्त केलेले रिपोर्ट तिथे पुन्हा पाठवलेच नव्हते.

तिची चूक जगात फक्त त्या एका ग्रुपवर पोचली होती. आणि महाराजांच्या दिव्यदृष्टीला तंतोतंत तीच चूक दिसली होती.

खरं तर तिला धक्का बसायला नको होता. त्या ग्रुपमधल्या एका नंबरवर डॉक्टरचा नाही, समईचा फोटो होता. तो तिने पाहिला होता आणि विचारलं नव्हतं. महाराज लोकांना रक्त तपासायला दीपेशकडेच का पाठवतात, हेही तिने विचारलं नव्हतं. कागद मागायला आलेल्याला काय सांगायचं ते दीपेशने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "रिपोर्ट डॉक्टरांचा असतो, पेशंटचा नाही. गुरुवार होईपर्यंत 'आला नाही' म्हणायचं. त्यांच्या हातात कागद गेला की उगाच घाबरतात." आणि रसिका आठ महिने तेच म्हणत होती; गुरुवारी आकडा ऐकल्यावर कागद मागायला पुन्हा सहसा कोणी येत नसे. त्या घोकलेल्या वाक्याची तिला इतकी सवय झाली होती, की समोरच्याचं तोंडही ती बघत नसे.

वर्षालीचा नवरा ओमकार त्या आठवड्यात तीनदा येऊन गेला होता. मंगळवारी, बुधवारी आणि आज सकाळी.

"मॅडम, रिपोर्ट इलो काय?"

"नाही आला. उद्या बघा."

वर्षालीचा रिपोर्ट तेव्हा रसिकाच्या मांडीला लागून असलेल्या खणात होता. बाळंतपणानंतरच्या बाईचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन म्हणजे काय, हे रसिका शिकलेली होती. तिला ते कळत होतं. तरीही तिने "उद्या बघा" म्हटलं होतं.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. शुक्रवारी सकाळी लॅब उघडताच तिने खणातून तो कागद काढला आणि दीपेश यायच्या आत रिक्षा केली.

वर्षाली ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, नखं पांढरी. मूल रडत होतं, पण त्याला उचलून घ्यायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ओमकार रसिकाला बघून उठला.

"मॅडम, तुमी? हयसर?"

"हिला आत्ताच्या आत्ता कणकवलीला न्यायला हवं. रक्त चढवावं लागेल."

"पण महाराजांनी रक्त बरा आसा म्हणान सांगल्यानी," वर्षाली कशीबशी म्हणाली.

"तां खरा नाय." लॅबमध्ये तोंडात बसलेली शुद्ध भाषा गळून पडली. "ती माझी चूक होती. ह्यो खरो रिपोर्ट."

ओमकारने कागद हातात घेतला. त्यावरची तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

"ह्यो मंगळवारचो आसा," तो म्हणाला. "मंगळवारी मी येवन गेलंय. तू नाय म्हणालंस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने फक्त 'मॅडम' म्हणायचं सोडलं होतं.

कणकवलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी वर्षालीला खाटेवर घेतलं आणि मग कागद बघितला. "मंगळवारचा रिपोर्ट आणि आज शुक्रवार? आणखी दोन दिवस गेले असते तर हृदयावर आलं असतं. इतके दिवस हा होता कुठे?"

ओमकारने रसिकाकडे मान वळवली. उत्तर त्याने रसिकासाठी ठेवलं होतं.

"माझ्या खणात," रसिका म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि रक्ताच्या पिशवीची चिठ्ठी लिहायला घेतली. त्या एका नजरेपुढे रसिकाला जमिनीत जावंसं वाटलं. वर्षालीला दोन पिशव्या रक्त चढलं. रविवारी ती स्वतः उठून बसली, तेव्हा कुठे रसिकाने सुटकेचा श्वास घेतला.

पण खणात अजून साठ-एक कागद होते आणि मांडवात पुढचा गुरुवार ठरलेलाच होता. नुसतं 'बाबा खोटा आहे' म्हणून कोण ऐकणार? तिची आईसुद्धा ऐकत नव्हती. "तुझी चूक झाली असात, तर देवान ती पण बघितल्यान!" असं म्हणून आई मोकळी झाली होती. सोमवारी रसिका मासळीबाजारात चंद्रावतीसमोर जाऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

चंद्रावतीने सुरमईवर पाणी मारलं. "म्हणजे माझा रक्त तेरा आसा?"

"तेरा पॉइंट एक."

"मगे पाच दिस माका चक्कर कित्याक येता होती?"

"महाराजांनी सांगितलं म्हणून."

चंद्रावतीने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "माझ्या नावान तेका आणखी एक रिपोर्ट धाड. असो धाड, की तेची दृष्टी सगळ्यांका दिसात."

महाराज कधी माणसं लक्षात ठेवत नसत, यादी तेवढी पाठ करत. त्यावरच दोघींनी भिस्त ठेवली. बुधवारी दुपारी चार वाजता रसिकाने ग्रुपवर एक रिपोर्ट टाकला.

गुरुवारी मांडव पुन्हा तुडुंब भरला. तीन-चार नावं झाली आणि शिष्य ओरडला, "चंद्रावती तारी!"

पट्टीआड महाराजांचा चेहरा फुलला. "अहाहा! बाळ, तुझ्या नदीत मला एक इवलीशी होडी दिसते आहे. तुझ्या उदरी नवा जीव आहे! अवघ्या सव्विसाव्या वर्षी हे मातृत्वाचं भाग्य! पहिल्या पाच महिन्यांत अंगारा आणि..."

त्यांना पुढे बोलता आलं नाही. पुढच्या रांगेतली पोरं आधी खिदळली, मग बायका, मग सगळा मांडव. मध्यभागी चंद्रावती कमरेवर हात ठेवून उभी होती. पांढरे केस, तोंडात दोन दात कमी.

"माझो घोव जावन बारा वर्सां झाली रे मेल्या!" ती ओरडली.

महाराज गडबडले, पण ते कसलेले होते. त्यांनी हात उंचावला. "हसा, अज्ञानी जीवांनो, हसा! मी देहाचा गर्भ म्हणालोच नाही. हा भक्तीचा गर्भ! नऊ महिन्यांनी या माउलीच्या पोटी वैराग्य जन्माला येईल!"

"वैराग्य? माका?" चंद्रावती म्हणाली.

पण हसू ओसरू लागलं होतं. मागच्या बाजूला कुणीतरी "खराच ता!" म्हणालं, आणि खरोखर चार-पाच हात जोडले गेले. त्यात रसिकाच्या आईचेही होते. रसिकाला कळलं, की गंमत करून भागणार नाही. स्वतःचं सांगितल्याशिवाय हे संपायचं नाही.

ती उभी राहिली. तिने मोबाईल हातात घेतला.

"तो रिपोर्ट मी लिहिलाय. काल चार वाजता. वय सव्वीस मीच टाकलं. यांना दिव्यदृष्टी नाही. लॅबमधून रोज यांच्या मोबाईलवर तुमचे रिपोर्ट येतात, आणि ते मी पाठवते." तिने आपला मोबाईल पुढच्या माणसाच्या हातात दिला. तो हातोहात पुढे सरकत गेला. "गेल्या गुरुवारी सांगितलेले दोन आकडेही माझ्या हातून चुकलेले होते. माझी चूक झाली, तशी यांचीही झाली. वर्षाली परब कणकवलीला मरता मरता वाचली."

"ही मुलगी अश्रद्ध आहे," महाराज गरजले. "हिच्या रक्तातच..."

"माझ्या रक्तात किती, ते सांगा." रसिकाचा आवाज आता चढला होता. "माझा रक्त कोणी तपासूक नाय. लॅबमध्ये माझो रिपोर्ट नाय. मी तुमच्या म्होरे उभी आसंय. सांगा, किती?"

सगळ्या माना महाराजांकडे वळल्या. महाराजांची बोटं हवेत फिरली. एकदा, दोनदा. लोक वाट बघत होते. आकडा काही येईना.

"पट्टी काढून बघ, तसा तरी दिसता काय!" चंद्रावती म्हणाली. शिष्याने माईक बंद केला.

तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "गो चेडवा, माझो रिपोर्ट दोन म्हयने झाले तरी येवक नाय, तो..."

"त्याच दिवशी इललो, आजोबा," रसिका म्हणाली. "माझ्या खणात आसा. सगळ्यांचे आसत. मी तुमका खोटा सांगलंय."

कुणी तिचं कौतुक केलं नाही. कुणी का करावं? आठ महिने लॅबच्या खिडकीतून जिने हाकललं, तीच आता खरं सांगत होती. तिची आई तिच्याकडे न बघताच मांडवातून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत महाराजांची गाडी गोव्याच्या बाजूला गेल्याचं कळलं. दीपेशने शटर ओढायच्या आत ओमकारने आठ-दहा जण घेऊन लॅब गाठली, पोलिसही आले. त्यांच्यादेखत खण उघडला गेला आणि कागद ज्याचे त्याला द्यायचे ठरले. नोकरी अर्थातच गेली. दुसऱ्या दिवशी रसिका ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसली. नाव घेऊन एकेकाच्या हातात ती कागद देत होती आणि कुठला आकडा कशाचा, तो किती असायला हवा, हे सांगत होती. बऱ्याच जणांचं सगळं ठीक होतं. आठ महिने उगाच जीव टांगणीला लागला होता, एवढंच. काहींचं ठीक नव्हतं.

लवू नावाचा एक खलाशी काठी टेकत आला. उजव्या पायाला बँडेज. त्याच्या रिपोर्टवर साखर तीनशे अठ्ठेचाळीस होती आणि तारीख दोन महिन्यांपूर्वीची. महाराजांनी त्याला 'नदी गोड झाली, शुभ आहे' असं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात त्याची दोन बोटं कापावी लागली.

त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग त्याने विचारलं, "ह्या माका तेव्हा कळला असता, तर?"

रसिकाला वाटलं, सांगावं की नक्की काही म्हणता येत नाही. तेवढंच त्याचं आणि आपलंही ओझं हलकं होईल. पण 'नक्की नाही', 'उद्या बघा', 'आला नाही' असं बोलूनच इथवर आलं होतं.

"औषधा वेळेवर सुरू झाली असती," ती म्हणाली. "बोटां बहुतेक वाचली असती."

लवूने मान हलवली. कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. मग तो काठी टेकत ओटा उतरला.

दंडातून निघालेलं रक्त तुमचं असतं, त्याचा आकडाही तुमचाच असतो. तो मिळायला ना नवस लागतो, ना गुरुवार. खिडकीतून 'आला नाही' म्हणाले तर 'कधी आला, कुठे आहे, कुणाला दिला' असं विचारा. एकदा नाही, तीनदा विचारा. समजला नाही तर डॉक्टरकडून समजून घ्या, पण हातात घ्या. तुमचा आकडा तुम्हाला न देता जो माईकवर सांगतो, त्याला दिसत काही नसतं. त्याने तो कुणाच्या तरी खणातून घेतलेला असतो. आणि त्या खणापाशी बसलेल्या माणसाला ते ठाऊक असतं.