पोटावर बसलेली गाडी

माझ्या नवऱ्याच्या, वेल्डनच्या पिकअपला छप्पन साली निळा रंग दिला होता. पुढं टेक्सासच्या उन्हानं तो खाल्ला. टपावर गंज, दारांवर विटलेलं आभाळ, मधूनच खालचं तांबूस अस्तर. वेल्डननं त्याला हात लावला नाही. आतून मात्र गाडी सगळी नवी केली. इंजिन, ब्रेक, आणि स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. बटण दाबलं की फुस्स करून हवा सुटायची आणि गाडी पोटावर बसायची, सावलीत कुत्रं बसावं तशी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक त्यासाठीच गोळा व्हायचे.

"असा रंग फवाऱ्यानं येत नाही," तो सांगायचा. "उन्हात आयुष्य काढावं लागतं."

मी त्याला खुळा म्हणायची. पण तिरप्या उन्हात गाडी दिसली की मीही दारावरून हात फिरवायची.

त्या मार्चमध्ये आम्ही पँपा गावच्या मेळाव्याहून परतत होतो. वारा इतका की वेल्डनला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागत होतं. दक्षिणेला धूर दिसला. त्याच्या ओपल आत्याचं घर त्याच बाजूला, आणि तिच्याकडं गाडी नव्हती. आम्ही वळलो.

आत्या अंगणात कोंबड्या हाकत होती.

"आत्या, सोड त्यांना! बस आधी!"

"अरे, माझे दात राहिलेत आत!"

"दातांचं नंतर बघू!" मी तिला ओढून गाडीत घातलं. मी मधे, ती खिडकीशी.

परत निघालो तर मघाचा रस्ताच दिसेना. धुराच्या आत काहीतरी लाल सरकत होतं. मागं वळून पाहिलं, तिकडंही तेच. डाव्या हाताला नांगरलेलं रान होतं, काळंभोर, गवताची काडी नाही. तेवढीच जळणार नाही अशी जागा. वेल्डननं गाडी बांधावर घातली.

खर्रर्र! गाडी पोटावर अडकली. चाकं नुसती फिरली.

"उचल की तिला!" मी ओरडले.

त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. दिवसभर लोकांना दाखवायला वर-खाली करून पिशव्या भरायच्या टाकीतली हवा संपली होती. काँप्रेसर घुरघुरायला लागला. लहानसं यंत्र, सायकलच्या पंपासारखं बेताबेतानं भरणारं.

"किती वेळ लागेल?"

वेल्डन बटण दाबतच राहिला. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर उतरलेला मला दिसला, आणि तेव्हा मी खरी घाबरले. तो घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

रस्त्याकडेचं गवत पेटलं. वाऱ्यानं उपटलेली वाळकी झुडपं पेटून, चेंडूसारखी गडगडत आमच्या पुढून गेली. काचेला हात लावता येईना इतकी ती तापली. आत्यानं माझी मांडी घट्ट धरली.

"उतरून पळू या का गं, नदीन?"

"नको, आत्या. तुझ्याच्यानं ढेकळांतून पळवणार नाही."

"मग तुम्ही दोघं पळा."

"गप बस, आत्या!" वेल्डन ओरडला. तिच्यावर आवाज चढवताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी बोटभर वर आली. थांबली. परत बोटभर. खाली माती खरवडल्याचा आवाज आला. वेल्डननं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आम्ही उसळलो आणि बांधापलीकडं ढेकळांत जाऊन पडलो. रानाच्या मध्यावर त्यानं गाडी थांबवली. आम्ही शर्टांनी तोंडं झाकली. बाहेर दिवस असून अंधार झाला होता. आगीचा आवाज मालगाडी अंगावरून जावी तसा. वेल्डननं माझ्या पाठीमागून हात घालून आत्याचा खांदा धरला होता.

आग दोन्ही बाजूंनी निघून गेली.

आत्याचं घर गेलं. आता ती आमच्याकडंच राहते. वेल्डननं हवेच्या पिशव्या काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. मेळाव्यातले लोक म्हणतात, गाडीचा तोरा गेला. मग उजव्या अंगाला, आत्या बसली होती त्या बाजूला, वळतात आणि आगीनं सोललेल्या रंगाचे फोटो काढत बसतात.

आत्या त्या दारानं चढत नाही. काठी टेकत फेरी मारते, वेल्डनच्या बाजूनं आत शिरते आणि आमच्या दोघांच्या मधेच बसते.