१०-३१-०८

गंगासागरनं पदराच्या टोकानं फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या काचेवरची थर्मलची राख पुसली आणि खुर्ची पुढं ओढली.

"गेल्या सालच्या सप्त्याचे, काल्याच्या दिवसाचे फोटो काढा. दहापासून बारापर्यंतचे. सगळे."

महांतेशनं माऊस हातात घेतला, पण हलवला नाही. "ताई, वरीस होत आलं की त्याला."

"म्हणून तर आले. तुमच्याकडं फोटोला नाव नसतं, वेळ असती म्हणतेत. खरं हाय का?"

खरं होतं. डिजिटल कॅमेरा नवा घेतला तेव्हा महांतेशनं एका लग्नातली नवरी दुसऱ्याच लग्नाच्या अल्बममध्ये बसवली होती, आणि नवरदेवाचा मामा दुकानात येऊन नाही नाही ते बोलून गेला होता. तेव्हापासून तो प्रत्येक फोटोला साल, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद एवढंच नाव देई. रोज सकाळी रेडिओवरच्या सातच्या ठोक्याला कॅमेऱ्याचं घड्याळ मिळवी. परळीतले बाकीचे फोटोवाले त्याला 'स्टेशनमास्तर' म्हणत.

"चल गं," दाराजवळच्या बाकावरून धोंडप्पा म्हणाले. गंगासागरचे वडील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. "गेलेलं मानूस फोटूत बघून माघारी येतंय का?"

"मला आई बघायची न्हाई, आप्पा. सिद्धाराम बघायचाय." ती महांतेशकडं वळली. "उद्या आईचं वर्षाचं हाय. येतो म्हणतोय. म्हणलं, आधी बघते, मग उंबऱ्याच्या आत घेते."

बहीणभावाचं बिनसलेलं अर्ध्या परळीला ठाऊक होतं. काल्याच्या सकाळी आईचा श्वास लागला. ती एकच नाव घेत होती, सिद्धारामचं. तो तिकडं धर्मापुरीला, सप्त्यात, शिवकीर्तनाला मृदंग वाजवत होता. गंगासागरनं त्याच्या मोबाईलवर फोन लावला. वाजवताना मोबाईल वडिलांच्या खिशात ठेवायची त्याची पद्धत, म्हणून उचलला धोंडप्पांनी. आई गेली. सिद्धाराम पोचला तेव्हा तिला लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी बसवून हार घातलेले होते. आप्पांनी मला काहीच सांगितलं नाही, असं तो म्हणाला. मी खूण केली, तोच उठला नाही, असं आप्पा म्हणाले. सगळ्या भाऊबंदांसमोर गंगासागर भावाला म्हणाली होती, "आईपरीस ढोलकं मोठं झालं रे तुला." वडिलांना ती त्याच दिवशी आपल्या घरी घेऊन आली. सिद्धारामनं त्यानंतर मृदंगाला हात लावला नव्हता.

महांतेशनं फोल्डर उघडलं. नुसत्या आकड्यांची रांग काचेवर उतरली.

१०-०४-५१. महाराज उभे, हात वर. १०-१७-२२. बायांची बाजू, मांडीवर झोपलेली लेकरं. ती सकाळ महांतेशला आठवली. महाराजांचा आवाज नुसता वर जात होता, आणि सिद्धारामच्या हाताखालून असा काही ठेका निघत होता की फोटो काढायचं सोडून खाली बसावं. एकदा तो बसलाही होता.

१०-३१-०८.

महाराजांचा फोटो होता तो. पण मांडवाच्या कोपऱ्यात, बांबूला धरून धोंडप्पा उभे होते. कानाला मोबाईल.

"हा माझा फोन," गंगासागर हळू म्हणाली. "पुढचा."

१०-३३-४०. धोंडप्पा आपल्या जागी परत बसलेले, सिद्धारामच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. हातात टाळ.

"पुढचा."

१०-४१. १०-५६. ११-०९. धोंडप्पांचं तोंड महाराजांकडंच. सिद्धारामची मान मृदंगावर वाकलेली, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. कुठंच कुणी कुणाकडं वळलेलं नव्हतं. धर्मापुरीहून जीप पाऊण तासात येते. गंगासागरची बोटं टेबलाच्या कडेवर काहीतरी मोजत होती.

११-२६-१५. डॉक्टरांच्या कागदावर आईची वेळ अकरा पंचवीस होती. या फोटोत धोंडप्पांचे दोन्ही हात वर होते, डोळे मिटलेले, गालावर पाणी.

महांतेश आपणहून पुढं गेला. ११-५१-३०. आरती झालेली, आणि आता कुठं धोंडप्पांचं तोंड लेकाच्या कानाशी. ११-५२-०४. मृदंग आडवा पडलेला, त्यामागची जागा रिकामी.

"घड्याळ बरोबर हुतं?" तिनं विचारलं.

बाकावरून धोंडप्पांनी मान वर केली. महांतेशला ती मान दिसली. एवढं 'नाही' म्हटलं असतं तरी म्हातारा सुटला असता.

"सातच्या ठोक्याला मिळवलेलं हुतं, ताई."



"काय दिसलं गं?" धोंडप्पांनी विचारलं.

"तुमी दिसलात, आप्पा."

म्हाताऱ्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"लई रंगलं हुतं गं," ते म्हणाले. "चार गावं बसलीती. भरल्या कीर्तनातून मृदंगवाला उठवायचा कसा? म्हणलं, थांबंल ती. देवाच्या दारात बसलाव, देव थांबवील तिला."

"अन् खूण केली म्हणून सांगितलं ते?"

"तू इचारलंस तवा सगळे बघत हुते."

"अन् नंतर? वरीसभर माझ्या हातचं जेवलात की."



गंगासागरनं १०-३३-४० चा फोटो छापून मागितला. महांतेशनं तो पाकिटात घातला आणि पैसे घ्यायला मान हलवून नाही म्हटलं. ती बाहेर गेली. रस्त्यावरची एक रिक्षा तिनं हात करून थांबवली, आत बसली.

"सिद्धारामच्या घरी जायचं, आप्पा," तिथूनच ती म्हणाली. "चला."

"आज कावून? उद्या येतोयच की त्यो."

"उद्या त्यानं माझ्या दाराशी उभं ऱ्हायाचं हुतं. आज आपण त्याच्या."

धोंडप्पांनी बाकाची कड धरली. महांतेश काउंटरमागून बाहेर आला, त्यांच्यापुढं हात केला. म्हाताऱ्यानं तो हात धरला, पण उठायला नाही.

"तुजं घड्याळ मागंपुढं झालतं म्हनून सांग की रं तिला, बाळा," ते पुटपुटले. "मशीनच ती."

महांतेशनं हात काढून घेतला नाही.

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मागं वळून म्हणाला, "अक्का, म्हातारबा येतेत का न्हाई? का सोडू निस्तं तुमालाच?"

"थांबा," गंगासागर म्हणाली. पाकीट तिच्या मांडीवर होतं, आणि ती समोर बघत होती. "बघू, उठतेत का."