एकटीने चालायची बाग

आमच्या महाडात फुकट मिळणारं पुण्य कोणी सोडत नाही. धोंडूबाईला हे बागेत जायला लागल्यावर कळलं.

धोंडूबाई पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तरी तिकडे ती शेळ्यांमागे एकटी फिरायची. मुलगा सुहास औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याने तिला महाडला आणलं आणि जपून खाटेवर बसवलं. गल्लीच्या तोंडाशी खास आंधळ्यांसाठी बाग झाली, तेव्हा सून सरिताच म्हणाली, "जावा आई, एकट्या जावा. कठडा धरून चालायचं."

बाग खरंच चांगली. सलग कठडा, वळण आलं की पायाला कळतील अशा खडबडीत फरशा, कडेला गवती चहा नि तुळस. धोंडूबाईने एक फेरी मारली आणि स्वतःशीच हसली. तेवढ्यात किराणावाल्या अनिलशेटने तिचा हात पकडला.

"आजी, कठडा सोडा. मी आहे ना."

"सोड रे बाबा. माजी मी जातंय."

"असं कसं सोडू? पडलात तर पाप कुणाला?"

पाप अंगावर नको म्हणून शेटने तिला फेरीभर ओढत नेलं. मग रखवालदार रामजीने, मग सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी. रोज तेच. कोणी फोटोही काढून घेतला, पुण्याची पोच म्हणून. एकदा तिने हात झिडकारला, तर म्हातारी तिरसट ठरली.

या पुण्याचा खर्च मात्र दुसऱ्याच्याच नावावर पडला. कंपनीच्या बसमध्ये सुहासला कोणीतरी टोचलं, "काय रे, आंधळ्या आईला मोकाट सोडता? बायकोला एवढी जड झाली?"

तो घरी येऊन सरितावर उखडला. "लोक काय बोलतात ठाव हाय? उद्यापासनं आई एकटी नाय जायची."

"तिला कशाला बोलतोस?" धोंडूबाई म्हणाली. "मलाच एकटीला जायचंय."

"तुला नाय कळत, आई."

आता सरिता चारचौघांना दिसेल असा सासूचा हात घट्ट धरून बागेत जायला लागली. "अशी सून मिळायला नशीब लागतं," बायका म्हणायच्या.

एका सकाळी धोंडूबाईने चपलांत पाय घातले नाहीत. "नको गो. तू तरी कशाला दमतेस?"

सरिताने एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा केला नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. लगेच ती भांड्यांकडे वळली. म्हातारीने भांड्यांचा आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं.